सापासाठी पिस्तूल कशाला?

अ‍ॅरिझोनात टूसॉनच्या आसपास डोंगरात भटकणारे बरेच जण कमरेला रिव्हॉल्व्हर लावतात आणि पहिल्या एक-दोन घरांत ‘स्नेकशॉट’ भरतात. आमच्या शेजारच्या आजोबांनी ते काडतूस मला दाखवलं. गोळीच्या जागी निळ्या प्लॅस्टिकची टोपी, आत मोहरीएवढे शिशाचे छर्रे. त्यांनी काळजीपोटीच दिलं होतं, तरी मी घेतलं नाही. इथे नव्यानं येणाऱ्या आपल्या मुलांनीही घेऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं.

नळीतल्या आट्यांमुळे हे छर्रे बाहेर पडताच फाकतात. दहा फुटांपलीकडे त्यांचा भरवसा नाही, म्हणजे नेम धरायला सापाजवळ जाणं आलं. रॅटलस्नेक साधारण आपल्या लांबीच्या निम्म्यापर्यंत झेपावतो. चार फुटी असला तर दोन फूट. सहा फुटांवरच्या माणसाला त्याच्यापासून धोका नाही, मग बार कशासाठी? आणि पायाखालीच आला, तर पिस्तूल काढायला सवड कुठली! खडकावर आपटून छर्रे डोळ्यांत उडण्याची भीती वेगळीच.

मारलेला सापही सोपा नसतो. 2018 साली टेक्सासमध्ये एकानं बागेत रॅटलस्नेक तोडला. तुटलेलं मुंडकं उचलायला गेला, तर ते डसलं. प्रतिविषाचे 26 डोस द्यावे लागले तेव्हा तो वाचला.

माझं लहानपण सांगलीकडे मळ्यात गेलं. रात्री पाणी पाजायला जाताना वडील काठी आपटत चालायचे, बॅटरीचा झोत पावलापुढे. घोणस, मण्यार दोन्ही असलेल्या त्या रानात हीच राखण होती. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58 हजार माणसं गेली. अमेरिकेत वर्षाला पाचेक जातात. सापांच्या जाती वेगळ्या, वस्ती वेगळी, हे धरूनही सांगते, इथली माणसं बंदुकीमुळे वाचत नाहीत. पायात बूट असतात, अंगणात दिवा असतो आणि प्रतिविष वेळेत मिळतं. आपल्या शेतमजुराला हे तिन्ही मिळायला हवं, त्याचा आग्रह धरा.

उन्हाळ्यात आई-बाबा इकडे येतात, जेवणानंतर चपला घालून शतपावलीला निघतात. नेमके त्याच वेळी साप तापलेल्या रस्त्यावर येतात. त्यांना बूट आणि बॅटरी द्या. खुळखुळा वाजला की जागीच थांबायचं, साप कुठे आहे ते बघायचं आणि मग मागे सरायचं. अंगणात निघाला तर साप पकडणाऱ्यांना बोलवा. काही ठिकाणी अग्निशमन दलाचे लोकही येऊन नेतात. चावलाच, तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा आणि लगेच 911 लावा.