पंखे वाढवू नका, वाट मोकळी करा

आपल्या होस्टेलात सध्या एक नवीच साथ आली आहे. ग्राफिक्स कार्ड तापलं, की रूममधल्यांनी वर्गणी काढायची आणि कॅबिनेटला आणखी दोन पंखे ठोकायचे. तेही रंगीबेरंगी दिव्यांचे! कॅबिनेट गणपतीच्या मांडवासारखं उजळतं, पण कार्ड तापायचं ते तापतंच. अनेक जीफोर्स कार्डं 83 अंशांच्या आसपास गेली, की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतात. मग रात्रभर ट्रेनिंगला लावलेलं प्रोजेक्टचं मॉडेल सकाळी अर्ध्यावरच! वाईटपणा घेऊन सांगतो, हा पंख्यांचा तुटवडा नाही, विचारांचा आहे.

पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. मग किती हवा हलवायची? आरटीएक्स 3060 सारखं कार्ड पूर्ण भारावर साधारण 170 वॅट घेतं. प्रोसेसर आणि बाकी मंडळी धरून 300 वॅट समजू. ही जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेत 10 अंशांचा फरक चालणार असेल, तर सेकंदाला सुमारे 27 लिटर हवा पुरते. थर्मोच्या पेपरात हेच गणित आपण डोळे मिटून सोडवतो. स्वतःच्या टेबलावर मात्र विसरतो! समोरून आत घेणारे दोन आणि मागून बाहेर टाकणारा एक, असे 120 मिलिमीटरचे तीन पंखे एवढ्या कामाला बहुधा पुरतात. अट एकच, त्यांची वाट मोकळी हवी.

वाट म्हणजे काय, ते पावसाळ्यात आपल्या मुळशीतल्या भातखाचरांत बघा. पाणी एका टोकाने आत येतं, सगळं खाचर भिजवतं आणि दुसऱ्या टोकाने निघून जातं. आत यायचं आणि बाहेर जायचं तोंड शेजारी-शेजारी ठेवलं, तर पाणी आल्यापावली परत जाईल आणि खाचर कोरडंच राहील. कॅबिनेटच्या वरच्या बाजूला, अगदी पुढे बाहेर टाकणारा पंखा लावणारे नेमकं हेच करतात. समोरून आलेली ताजी हवा कार्डापर्यंत पोचायच्या आधीच तो पळवतो. यावर ‘गरम हवा वरच जाते ना?’ हा ठरलेला प्रश्न येतो. जाते, पण पंख्याच्या जोरापुढे तिचा तो जोर किरकोळ असतो.

आजची बहुतेक कार्डं खालून हवा ओढतात आणि गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडतात. म्हणून समोरचा एक पंखा खाली, कार्डाच्या पातळीला हवा. बाहेर टाकणारा मागे, आणि दुसरा लावायचाच तर वर, पण मागच्या बाजूला. पंखा कुठे फुंकतो हे त्याच्या चौकटीवरचा बाण सांगतो. बाण नसेल तर कागदाचा कपटा धरून बघा. समोर नुसती काच असलेलं कॅबिनेट दिसायला देखणं, पण नाक दाबून धावायला सांगण्यासारखं! त्यापेक्षा जाळीवालं घ्या.

आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त ठेवा. नाहीतर प्रत्येक फटीतून हवा ओढली जाते आणि फिल्टर चुकवून धूळ आत येते. पौड रोडच्या धुळीबद्दल आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. पंधरा दिवसांनी फिल्टर झाडायला पाच मिनिटं लागतात.

आणि वर्गणी काढण्याआधी एक फुकटातली परीक्षा करा. तेच काम चालू ठेवून कॅबिनेटची बाजूची पाटी काढा. तापमान चांगलंच उतरलं, तर दोष हवेच्या वाटेत आहे. फरक पडला नाही, तर कार्डात साठलेली धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट किंवा खोलीची गरमी तपासा. तिथे दहा पंखे लावूनही उपयोग शून्य.

पाषाणच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकाला द्रवाने थंड ठेवतात, पण तत्त्व तेच: उष्णता उचला आणि बाहेर नेऊन सोडा. आपली खोली हेही एक मोठं कॅबिनेटच आहे. एप्रिलच्या उन्हाळ्यात दारं-खिडक्या बंद आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात, मग बिचारा पंखा तीच गरम हवा फिरवत बसणार. आपण इंजिनियर होणार आहोत ना? मग वस्तू विकत घेण्याआधी खिडकी उघडा, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि डोकं वापरा. त्याला वर्गणी लागत नाही!