किलोवर मोजलेले संरक्षण

इंदूरच्या सियागंजातल्या सुकामेवा-किराण्याच्या पेढ्यांना दिल्लीच्या अधिसूचनेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शुल्क हलले की भाव हलतो. तोच धडा आता शहराचा कापडबाजारही गिरवतो आहे.

जागतिक कापड व्यापारातले कोटे १ जानेवारी २००५ रोजी संपले. आयातीला लगाम घालण्याची गरज मात्र संपली नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने कृत्रिम धाग्याच्या काही विणीव कापडांवर किलोमागे साडेतीन डॉलर किमान आयात किंमत लावली. २०२५ च्या अर्थसंकल्पात नऊ प्रकारच्या विणीव कापडांवर २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते शुल्क आले. कागदावर किंमत कमी दाखवली, तरी वजनकाटा खोटे बोलत नाही, हे त्यातले मर्म. त्याच वर्षी मे महिन्यात बांगलादेशी तयार कपड्यांना न्हावाशेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरे उरली.

विणकराला आधार हवाच. पण तेच कापड रेडीमेड शिवणाऱ्या छोट्या कारखानदाराचा कच्चा माल आहे. त्याने ऑर्डर जुन्या भावाने घेतलेली असते, कापड मात्र नव्या भावाने घ्यावे लागते. इंदूरच्याच हुकुमचंद कापड मिलचे भोंगे १९९१ मध्ये थांबले. कामगारांच्या थकबाकीचा धनादेश निघायला डिसेंबर २०२३ उजाडला. उशिरा आलेल्या उपायाची किंमत या शहराला ठाऊक आहे. म्हणून सरकारने बंधने जरूर घालावीत. पण त्यांची मुदत आणि पुढची दिशा हंगामापूर्वीच जाहीर करावी.