मालदीवचा समुद्र सुंदर, पण गल्ला कोणाचा?

मालदीवची ओढ कोणाला नाही? काचेसारखे उथळ पाणी, पांढरी वाळू, किनाऱ्याला माडांची रांग. सुमारे बाराशे बेटांच्या या देशात वस्ती जेमतेम दोनशे बेटांवर. भारतीयाला व्हिसा तेथे उतरल्यावर विनाशुल्क मिळतो. हलाल जेवणाची चिंता नाही, गावोगाव मशीद आहे. कुटुंबासह सहलीला याहून सोयीची जागा मिळणे कठीण. पण हे व्यापाराचे पान आहे, म्हणून आमचा सवाल वेगळा आहे. या सौंदर्याचा पैसा कोणाच्या गल्ल्यात जातो?

१९७२ साली 'कुरुंबा' हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. पुढे 'एका बेटावर एक रिसॉर्ट' असे धोरण ठरले. पाहुणा विमानतळावरून थेट रिसॉर्टवर जाई. राहणे, जेवण, खरेदी सारे तेथेच. गावच्या दुकानदाराला गिऱ्हाईक दिसतही नसे. परक्या हातातला व्यापार या लोकांना नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकात मालेचा मोठा व्यापार मुंबईहून गेलेल्या बोहरा व्यापाऱ्यांच्या हाती होता.

२००९-१० च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटले. माफुशीसारख्या बेटावर घरमालक, नावाडी, खानावळवाला, किराणा दुकानदार अशा साऱ्यांना रोजी मिळू लागली. परके पाहुणे आले तर गावाची रीत बिघडेल, अशी भीती होती. गावांनी तोडगा काढला. दारूबंदी कायम ठेवली आणि पाहुण्यांच्या स्नानासाठी वेगळा किनारा नेमून दिला. पाहुणे तरीही आले. २०२४ साली पाच लाख वस्तीच्या या देशात वीस लाखांहून अधिक पर्यटक आले.

कारागिराचा वाटा मात्र अजून थोडाच आहे. थुलाधू बेटावर लाकडी डब्यांवर लाखेचे देखणे काम होते; गद्धूच्या स्त्रिया रंगवलेल्या लव्हाळ्याच्या बारीक नक्षीच्या चटया विणतात. मालेच्या दुकानांत मात्र भेटवस्तू म्हणून बाहेरून आणलेला मालही बराच असतो. हुनर घरचे आणि नफा दुसऱ्याचा, हे दुखणे आमच्या कारागीर बंधूंना वेगळे सांगायला नको.

तेव्हा मालदीवला जरूर जा. पण दोन रात्री तरी गावच्या अतिथिगृहात काढा आणि वस्तू कारागिराच्या हातून घ्या. आणि ज्यांचे घर कोकणच्या किनाऱ्यावर आहे, त्यांनी जागा विकण्याआधी माफुशी आठवावे. जमीन विकली की पैसा एकदाच येतो; दोन खोल्या पाहुण्यांसाठी नीट राखल्या तर रोजी आपल्याच उंबऱ्यात राहते.