आजींचा पदर आणि मोबाईलचे स्टेटस

दसरा-दिवाळी सरली की आपल्या बीड जिल्ह्यातील कित्येक गावे निम्मी रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात, शिकलेली मुले पुण्या-मुंबईत नोकरीला असतात, आणि घर राखायला उरतात ती वयोवृद्ध माणसे. त्यांची शुश्रूषा कोठे भाची करते, कोठे शेजारची सून, तर अलीकडे कोठे पगारी मदतनीस. या साऱ्यांच्या हाती मोबाईल आहे आणि तो असायलाच हवा. फडावर राबणाऱ्या मुलाला आईचा चेहरा रोज दिसतो तो त्याच्यामुळेच. तरीही या मोबाईलविषयी आज थोडे गंभीरपणे लिहावेसे वाटते.

गेल्या हिवाळ्यातील प्रसंग आहे. पंच्याहत्तरीच्या एका आजींचे खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया होऊन त्या घरी आल्या आणि काही दिवसांनी वॉकर धरून त्यांनी पहिली दहा पावले टाकली. सांभाळणाऱ्या मुलीला कोण आनंद झाला! तिने व्हिडिओ काढला, त्याला गाणे जोडले आणि स्टेटसला ठेवला. त्या दृश्यात आजी गाऊनमध्ये होत्या. डोक्यावर पदर नव्हता आणि गाऊनखालून लघवीच्या पिशवीची नळी लोंबत होती. संध्याकाळी शेजारीण कौतुकाने म्हणाली, "आजी, मोबाईलमध्ये दिसलात की!"

दुसऱ्या दिवसापासून आजींनी चालणे सोडले. औषध घेत, जेवत, पण पलंगावरून उतरत नसत. मला बोलावणे आले तेव्हा पाठीच्या खाली त्वचा लाल होऊन शय्याव्रणाची सुरुवात झाली होती. कारण विचारले तर त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "साऱ्या गावानं बघितलं. आता चालून कुठं जायचंय?" हा नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हता. या वयात खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळणे म्हणजे शय्याव्रण, फुप्फुसांचा जंतुसंसर्ग, पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी. एका स्टेटसने आजींचा व्यायाम थांबवला होता.

ती मुलगी रडू लागली. "सर, मी तर चांगलंच केलं होतं ना?" तिचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. तोच व्हिडिओ तिने आजींना दाखवून, पदर सावरून, केवळ त्यांच्या मुलाला पाठवला असता तर औषधापेक्षा अधिक काम झाले असते. स्टेटस मात्र एकमेकांचा क्रमांक जपून ठेवलेल्या प्रत्येकाला दिसू शकते. दूधवाला, किराणा दुकानदार, रिचार्जवाला, कोणीही पाहतो. चोवीस तासांनी ते नाहीसे होते हे खरे, पण तोवर कोणी त्याची प्रत काढून घेतली तर ती कायमची राहते.

उपदेश करण्याआधी स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मधुमेहाच्या एका रुग्णाच्या पायाच्या जखमेचे छायाचित्र मी सल्ल्यासाठी डॉक्टर मित्रांच्या गटात टाकले. कोपऱ्यात केसपेपर पडलेला होता. त्यावरचे नाव आणि गाव स्पष्ट वाचता येत होते. अर्ध्या तासात एका मित्राचा फोन आला, "अहो, हे आमचे मामा आहेत!" रुग्णाची गुपिते उघड करू नयेत, आणि ओळख पटेल असे त्याचे छायाचित्र परवानगीवाचून प्रसिद्ध करू नये, हे आम्हा डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून लिहिलेले आहे. ते मला ठाऊक होते. घाईत भान राहिले नाही, इतकेच. तेव्हापासून जखमेचा फोटो मागवताना मी सांगतो की चेहरा, कागद, घराची पाटी यांतले काही येऊ देऊ नका, आणि शक्य तर 'एकदाच पाहता येईल' हा पर्याय निवडून पाठवा.

घरी शुश्रूषा करणाऱ्यांनी अशी शपथ घेतलेली नसते. परंतु डॉक्टरला दहा मिनिटांत जे दिसत नाही ते त्यांना दिवसभर दिसते: न्हाणीघर, ओले अंथरूण, भावाभावांतील भांडण, रात्रीचे बरळणे. म्हणून त्यांची जबाबदारी आमच्याहून मोठी आहे, असे माझे मत आहे.

कायदाही येथे मूक नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. ज्यांच्या याचिकेवरून हा निकाल लागला ते निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी ती दाखल केली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. वयोवृद्ध वाचकांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. तसेच संमतीवाचून कोणाच्या गुप्तांगांचे चित्रण करणे वा ते पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. रुग्णाला अंघोळ घालताना वा डायपर बदलताना मोबाईल खोलीबाहेरच ठेवावा.

संमती म्हणजे एकदा मान हलवली आणि काम संपले, असे नव्हे. फोटो काढण्यापूर्वी विचारावे, काढल्यावर दाखवावा, आणि तो कोणाला पाठवणार ते सांगावे. खरी अडचण येते ती स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत. आजोबा हसत 'हो' म्हणतात, पण कशाला, हे त्यांना उमगत नाही. मुलाने परवानगी दिली की झाले, असे मला वाटत नाही. आजोबा धडधाकट असताना त्यांना हे चित्र गावाने पाहिलेले चालले असते का, हा प्रश्न मुलाने आणि मदतनिसानेही स्वतःला विचारावा. उत्तर अडखळले तर फोटो जाऊ देऊ नये.

आणखी एक धोका पैशांचा. 'बाबांना घेऊन अंबाजोगाईला दवाखान्यात' असे स्टेटस म्हणजे घराला कुलूप असल्याची दवंडीच. रिपोर्टवर नाव, वय, फोन क्रमांक असतो. तेवढ्या माहितीवर भामटे 'दवाखान्यातून बोलतोय' म्हणून ओटीपी मागतात. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणे कठीण.

कुटुंबीयांनाही दोन शब्द. दवाखान्यात नळ्या लावलेल्या वडिलांचे फोटो नातेवाइकांच्या गटात टाकणारे बहुधा आपणच असतो, मदतनीस नव्हे! कामाला ठेवतानाच फोटो कोणाला पाठवायचे ते स्पष्ट सांगा. घरात कॅमेरा बसवला असेल तर तेही तिला सांगा. तिलाही खासगीपणा आहे. ती काम सोडून जाईल त्या दिवशी दोघांनी मिळून तिच्या मोबाईलमधील फोटो पुसावेत. गॅलरीतून पुसलेला फोटो 'ट्रॅश'मध्ये काही दिवस राहतो, तेथूनही तो काढावा लागतो.

त्या आजींची समजूत घालायला तीन आठवडे लागले. मुलीने स्टेटस केव्हाच काढले होते, पण आजींचा राग गेला तो तिने त्यांच्यासमोर बसून मोबाईलमधला व्हिडिओ पुसला तेव्हा. शय्याव्रण भरून आले. आता त्या ओसरीपर्यंत चालतात. मुलगा फडावरून व्हिडिओ कॉल करतो तेव्हा आधी पदर डोक्यावर घेतात, मग मुलीला म्हणतात, "लाव आता."