आरोग्यविचार : रक्तांतील धूर

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे, असें अनुमान तर्कशास्त्रांत करितात. परंतु तेवढ्यानें अग्नि कोणत्या दरींत आहे हें कळत नाहीं, आणि धूर पांगविल्यानें अग्नि विझतहि नाहीं. हृदयदौर्बल्याच्या, म्हणजे ज्यास डॉक्टर 'हार्ट फेल्युअर' म्हणतात त्या विकाराच्या, रोग्याचें रक्त तपासून आलेला कागद घरांतील सुशिक्षित मंडळी उत्सुकतेनें वाचतात, तेव्हां हें तत्त्व ध्यानांत असावें असें आम्हांस वाटतें.

अशा कागदावर कित्येकदां 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' या द्रव्याचा आंकडा असतो. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत टिलेट व फ्रान्सिस या संशोधकांनीं १९३० सालीं तें न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत ओळखिलें. शरीरांत कोठेंहि दाह उत्पन्न झाला कीं यकृत तें अधिक प्रमाणांत निर्माण करूं लागतें. पुढें हृदयदौर्बल्याच्या रोग्यांतहि तें वाढलेलें आढळलें. आणि १९९० सालीं दाह चेतविणारें 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' हें द्रव्यहि अत्यवस्थ रोग्यांत अधिक असल्याचें दिसून आलें. यासच जोडून दुसरी क्रिया चालते. थकलेल्या हृदयपेशींत प्राणवायूचीं अतिक्रियाशील रूपें वाढतात व पेशींतील स्निग्ध द्रव्यांस जणूं गंज चढवितात. त्या गंजाचा अवशेष, मॅलोनडायआल्डिहाइड, रक्तांत मोजतां येतो.

मग दाह शमविला, गंज थांबविला, कीं रोग हटेल, असा तर्क कोणीहि करील. विद्वानांनींहि तो केला. परंतु वरील फॅक्टरास निष्प्रभ करणारें इन्फ्लिक्सिमॅब हें औषध देऊन पाहिलें, त्याचें फळ २००३ सालीं प्रसिद्ध झालें : उपकार तर नाहींच, उलट मोठ्या मात्रेनें अपाय झाला. गंजरोधक म्हणून वाखाणलेल्या 'ई' जीवनसत्त्वाचीहि तीच कथा. रक्तवाहिन्यांचा विकार वा मधुमेह असलेल्या, ५५ वर्षें व त्यांवरील वयाच्या सहस्रावधि लोकांस तें नित्य ४०० एकक प्रमाणांत सुमारें सात वर्षें दिलें. २००५ सालच्या निष्कर्षांत हृदयदौर्बल्य कमी न होतां कांहींसें अधिकच आढळलें. तेव्हां डॉक्टरांस न विचारतां अशी गोळी वडिलांच्या हातावर ठेवणें ही सेवा नव्हे.

सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन छातीच्या संसर्गानें किंवा सांध्यांच्या दाहानेंहि वाढतें. त्यावरून एकट्या हृदयाचा निवाडा होत नाहीं. हृदयावरील ताण दाखविणारी खूण निराळी, ती 'बी-एन-पी'. १९८८ सालीं जपानी संशोधकांस ती प्रथम मेंदूंत सांपडली म्हणून तिच्या नांवांत मेंदू राहिला. वस्तुतः ती मुख्यत्वें हृदयच स्रवतें. वय व मूत्रपिंडांची स्थिति यांमुळें तिचाहि आंकडा बदलतो; म्हणून अर्थ लावणें डॉक्टरांवर सोंपवावें.

घरच्यांनीं पाहावयाच्या खुणा कागदावर नसतात. रोग्याचें वजन रोज सकाळीं करावें. तीन दिवसांत तें दोन किलोंहून अधिक वाढलें, पावलें सुजलीं, अथवा उशा वाढविल्यावांचून निजवेना, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. चालू औषध आपल्या मतानें बंद करूं नये. रक्तांतील धूर प्रयोगशाळा मोजील. रोग्याच्या पानांत लोणचें, पापड व मीठ किती पडतें, हें मोजणें मात्र घरांतील माणसांचेंच काम आहे.