सोसायचं हे कुणी ठरवलं?

पोरीचं पोट दुखतं. महिन्याच्या महिन्याला दुखतं. ओकाऱ्या होतात, पाय गळतात, शाळा बुडते. आई म्हणते, आम्हीपण सोसलं. आजी म्हणते, लगन झालं का थांबते. बापाच्या कानावर कुणी घालतच नाही. दवाखान्यात एक गोळी हातावर पडते आणि पुढचा नंबर पुकारला जातो. सगळ्यांचं एकमत : बाईच्या जातीला हे असायचंच. दोस्तहो, ‘असायचंच’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. हजारो वर्षं आपल्याला हेच सांगितलं गेलं.

आधी सरळ माहिती घ्या. पाळीच्या वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं, त्यानं गर्भाशय आवळतं आणि दुखतं. बहुतेक पोरींचं दुखणं हे एवढंच असतं. शेक दिला, गोळी वेळेवर घेतली की उतरतं. पण गोळीनंही उतरत नाही, पाळीच्या आधीच सुरू होतं, पाळी संपली तरी राहतं, संडासला बसताना कळ येते, दर महिन्याला शाळा बुडते, तर ते साधं दुखणं नसू शकतं. त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशींची वाढ बाहेर होते. अंडाशयावर, ओटीपोटाच्या पडद्यावर, आतड्यावर. तिथं सूज येते, व्रण होतात, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायका-पोरींना हा रोग आहे. नाव कळायला सरासरी ४ ते १२ वर्षं जातात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये लिहिलं, की औषधानं न थांबणारं दुखणं असलेल्या ज्या पोरींची दुर्बिणीनं तपासणी झाली, त्यांतल्या निदान दोन तृतीयांश जणींना हाच रोग निघाला. सोनोग्राफी साफ आली म्हणून पोरगी खोटी ठरत नाही.

आता यातलं राजकारण बघा. कित्येक वर्षं डॉक्टरांच्या पुस्तकांत हा रोग खात्यापित्या, शिकलेल्या, उशिरा लग्न करणाऱ्या गोऱ्या बाईचा होता. काळी बाई तेच दुखणं घेऊन आली की तिच्या कागदावर ‘जंतुसंसर्ग’ लिहायचे, म्हणजे तिच्या चालीवर बोट. १९७६ साली शिकागोच्या डॉ. डोनाल्ड चॅटमननं दुर्बिणीतून बघून छापलं, की जंतुसंसर्गाचा शिक्का बसलेल्या कितीतरी काळ्या बायकांना एंडोमेट्रिओसिस होता. त्यांच्यात तो रोग कुणी शोधलाच नव्हता.

आपल्या जंगलात शोधलं कुणी? गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले : ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग, आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. त्या दुखण्यांत निम्मा वाटा जंतुसंसर्गाचा होता, ते खरंच आहे. पण म्हणून प्रत्येक दुखणं जंतुसंसर्ग नसतं. सिरोंच्याची पोरगी दोनशेच्या वर किलोमीटर तोडून गडचिरोलीला येते, तेव्हा तिला अर्धं उत्तर देऊन परत पाठवणं हा गुन्हा आहे.

माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत कुर्माघर असतं. गावाच्या कडेला झोपडी, तिथंच राहायचं. अलीकडे काही गावांत पक्की खोली झाली. बरं झालं, साप-पावसापासून सुटका. पण पक्क्या भिंतीआड कण्हणारी पोरगी तरी कुणाला दिसते? आणि शहरातल्या आपल्या वस्तीत बसून आदिवासींना नावं ठेवू नका. १६ ऑक्टोबर १९५६ ला याच चांदागावात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. विटाळ हा शब्द आपण देवासकट फेकून दिला म्हणतो. मग घरात पोरगी ‘बाहेरची’ कशी होते? ज्या शब्दानं आपल्याला पाणवठ्यावरून हाकललं, तोच शब्द आपण पोरीला चार दिवस लावतो. विटाळ आहे तोवर ती दुखण्याबद्दल तोंड उघडणार नाही, आणि तोंड उघडल्याशिवाय निदान होत नाही.

न बोललेलं दुखणं कुठं जातं ते बीडमध्ये दिसलं. २०१९ साली सरकारी समितीसमोर ऊसतोड बायकांचा हिशेब आला : ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. पाळी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दंड, मग पिशवीच काढा. एंडोमेट्रिओसिसमध्ये तर पिशवी काढूनही दुखणं उरू शकतं.

सरकारनं २०१८ साली अस्मिता योजनेत शाळकरी पोरींना ५ रुपयांत पॅड दिले. पॅड रक्त टिपतो. दुखण्याचं काय? आश्रमशाळेत पोटदुखीनं बुडालेल्या दिवसांची नोंद ठेवा. वेदनाशामक गोळी शाळेतच मिळू द्या. तीन ते सहा महिने औषध घेऊनही थांबलं नाही तर पोरीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा, गाडीभाडं सरकारनं भरावं. चंद्रपूरच्या मेडिकल कॉलेजात अशा पोरींसाठी आठवड्याचा एक दिवस ठेवा. या मागण्या घेऊन जिल्हा परिषदेवर जायचं.

आणि मोर्चात पुढं घोषणा देणाऱ्या पोरांनो, तुम्ही आज घरी जा. बहिणीला विचारा, किती दिवस दुखतं, गोळीनं थांबतं का. लाज वाटेल. वाटू दे. विचारा.