"सुई नको" म्हणताना आपण नेमकं काय धरून बसतो?

"डॉक्टर, गोळ्या वाढवा, पण सुई नको." शिरूरचे कांदा उत्पादक असोत की दौंडचे निवृत्त रेल्वे कर्मचारी, मधुमेहाच्या जुन्या रुग्णांचं हे वाक्य ठरलेलं. खरं तर भीती सुईची कमीच असते. दहा वर्षांपूर्वी ज्या गोळीवर भागत होतं, तिच्यावरच आजही भागावं, हा हट्ट असतो.

टाइप २ मधुमेहात इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींची ताकद वर्षानुवर्षं कमी होत जाते. मग तीच गोळी अपुरी पडू लागते. यात दरवेळी तुमचं पथ्य चुकलेलं असतं असं नाही. बुद्धांनी यालाच 'अनिच्च' म्हटलं. शरीरही त्यातून सुटत नाही. बदलणाऱ्याला घट्ट धरून बसणं म्हणजे 'उपादान'. पाली सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शरीराला लागतो. त्यावर कुढत बसून दुसरा आपणच स्वतःला मारून घेतो.

मात्र काहीजण 'सोडणं' म्हणजे औषध सोडणं समजतात. विपश्यनेच्या शिबिराहून मन शांत होऊन आलात, आनंदच आहे. पण गोळ्या परस्पर बंद करू नका. विनयपिटकात भिक्खूंच्या औषधांवर अख्खं प्रकरण आहे, हे किती जणांना माहीत असतं?

टाळाटाळीत वर्ष गेलं तर डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड थांबत नाहीत. पुढच्या वेळी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट, म्हणजे एचबीए१सी, घेऊन या. इन्सुलिनची सुई हल्ली किती बारीक असते, तेही हातात घेऊन बघा.